डॉक्टरेट नव्हती, विषाणू डोळ्यांना दिसत नव्हता, तरी मॅक्स टायलरने पीतज्वराला रोखणारी लस शोधली

मसाई मारात सफारीला जायचं असो नाहीतर नायजेरियात नोकरीला, आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत जायचं म्हटलं की पासपोर्ट आणि व्हिसाच्या जोडीला एक पिवळं कार्ड लागतं. यलो फिव्हर, म्हणजेच पीतज्वराची लस घेतल्याचं ते प्रमाणपत्र. ते नसताना पीतज्वराच्या देशातून भारतात परत आलात, तर विमानतळावरून थेट घरी जाता येत नाही. सहा दिवस सरकारी देखरेखीखाली वेगळं ठेवलं जातं.

एवढी कडक शिस्त का? कारण पीतज्वर पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास आपल्याकडे ढिगाने आहे. डेंग्यू आणि चिकुनगुन्या ही त्याचीच देणगी. डास आहे, गर्दी आहे, पाणी साठवलेले पिंप आहेत. फक्त तो विषाणू अजून इथे रुजलेला नाही.

आणि त्या कार्डामागची लस? ती १९३७ सालची आहे. त्याच मूळ वाणाची लस आजही कोंबडीच्या अंड्यांत वाढवून बनवतात. ती ज्याने शोधली त्याचं नाव मॅक्स टायलर. स्पेलिंगमुळे काही ठिकाणी थेलर असंही वाचायला मिळेल.

पीतज्वर हा काही साधा ताप नाही. विषाणू यकृतात शिरतो, डोळे आणि कातडी पिवळी पडते, रक्तस्राव सुरू होतो आणि पोटातलं रक्त काळ्या उलटीतून बाहेर येतं. १७९३ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराची वस्ती पन्नासेक हजार होती, तिथे एका साथीत सुमारे ५ हजार माणसं गेली. फ्रेंचांनी पनामा कालवा खणायला घेतला तेव्हा पीतज्वर आणि मलेरियाने हजारो मजूर मारले आणि ते काम अर्धवट पडलं. हा रोग डास पसरवतो असं क्युबाचे डॉक्टर कार्लोस फिनले १८८१ मध्येच मांडत होते, पण त्यांचं कोणी मनावर घेतलं नाही. १९०० साली हवानामध्ये वॉल्टर रीड यांच्या पथकाने प्रयोग करून ते सिद्ध केलं.

डास कळला. पण डासाच्या पोटातून माणसाच्या रक्तात नेमकं काय जातं, हे पुढची पंचवीसेक वर्षं वादातच राहिलं. टायलरची गोष्ट या वादापासून सुरू होते.

मॅक्सचा जन्म ३० जानेवारी १८९९ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाचा. वडील अर्नोल्ड टायलर हे मूळचे स्वित्झर्लंडचे, जनावरांचे डॉक्टर. आफ्रिकेत आल्यावर सुरुवातीलाच शेतावरच्या यंत्रात त्यांचा एक हात गेला. तरीही माणूस थांबला नाही. पुढे त्यांनी ओन्डरस्टेपोर्टची पशुवैद्यकीय संशोधन संस्था उभी केली आणि जगभर नाव कमावलं. त्यांच्या नावाचा पुरावा आपल्या गोठ्यांतही सापडतो. संकरित गाईंना गोचिडांमुळे जो थायलेरिओसिस होतो, त्याच्या जंतूला थायलेरिया हे नाव या अर्नोल्ड टायलर यांच्यावरूनच मिळालं.

म्हणजे मॅक्सच्या लहानपणी घरात बोलणं काय, तर लस, सिरम आणि मेलेली जनावरं. पोरगा केप टाऊनला शिकला, तिथून लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये गेला. वैद्यकीचा परवाना मिळाला, १९२२ मध्ये उष्ण कटिबंधातल्या रोगांचा कोर्सही झाला. पण एमडी किंवा पीएचडी अशी पदवी काही नावापुढे लागली नाही, आणि पुढे त्याने ती मिळवायचे कष्टही घेतले नाहीत. पेशंट तपासत बसण्यात त्याला रस नव्हता. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये नोकरी मिळाली आणि २३ वर्षांचा मॅक्स बोस्टनला पोचला.

तेव्हा पीतज्वराच्या संशोधनात एक नाव फार मोठं होतं, हिदेयो नोगुची. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधले जपानी शास्त्रज्ञ. त्यांचा दावा असा की पीतज्वर एका नागमोडी जिवाणूमुळे होतो. त्यावर त्यांनी लसही काढली होती आणि ती टोचली जात होती. टायलर आणि त्याचे वरिष्ठ अँड्र्यू सेलर्ड्स यांनी १९२६-२७ मध्ये दाखवून दिलं की नोगुचींचा जिवाणू म्हणजे व्हाइल्स डिसीजचा जिवाणू आहे. हा रोग म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात ऐकू येतो तो लेप्टो. त्यातही कावीळ होते, म्हणून गफलत झाली. विशीतल्या पोराने एवढ्या मोठ्या माणसाच्या सिद्धांताला हात घातला होता.

खरा गुन्हेगार सापडला तो पश्चिम आफ्रिकेत. १९२७ च्या जूनमध्ये गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानामध्ये असिबी नावाच्या एका आजारी माणसाचं रक्त घेतलं गेलं. ते टोचलं ऱ्हीसस माकडाला, उत्तर भारतात सर्रास दिसणाऱ्या लाल तोंडाच्या माकडाला. आफ्रिकेतल्या माकडांना या रोगाचं फारसं काही होत नाही, त्यांची त्याच्याशी जुनी ओळख. भारतीय माकडाला मात्र ही ओळख नव्हती, ते आजारी पडून मेलं. पीतज्वर प्रयोगशाळेत वाढवायची सोय पहिल्यांदा झाली आणि तो विषाणूमुळे होतो हेही पक्कं झालं.

असिबी बरा झाला. त्याच्या रक्तातला विषाणू मात्र त्याच्या नावाने आजही ओळखला जातो आणि सगळी लस त्यातूनच आली आहे. त्या माणसाबद्दल नोंदींत याहून फार काही सापडत नाही, हे खटकतं.

या शोधाची किंमत लगेच मोजावी लागली. माकडांवर काम करणारे एड्रियन स्टोक्स त्याच सप्टेंबरमध्ये पीतज्वराने गेले. आपलं म्हणणं खरं ठरवायला स्वतः नोगुची आफ्रिकेत आले, आणि मे १९२८ मध्ये अक्रा इथे त्यांनाही पीतज्वरानेच गाठलं. त्यांच्या शवाची तपासणी करणारे विल्यम यंग काही दिवसांतच त्याच रोगाने गेले. हे सगळं टायलरला बोस्टनमध्ये कळत होतं आणि आता तोही याच विषाणूवर काम करणार होता.

अडचण होती माकडांची. ती महाग, सांभाळायला अवघड आणि चावरी. एकेका प्रश्नासाठी शेकडो माकडं कुठून आणणार? टायलरने पांढरे उंदीर घेतले. उंदराला पीतज्वर होत नाही असंच तोवर दिसलं होतं, कारण सगळे कातडीखाली किंवा पोटात टोचत होते. टायलरने सुई थेट मेंदूत घातली. उंदीर मेले. यकृत, हृदय, मूत्रपिंड सगळं ठीकठाक, पण मेंदूला सूज.

अनेकांनी शंका घेतली, की हा दुसराच कुठलातरी विषाणू असेल. पण पीतज्वरातून बऱ्या झालेल्यांचं सिरम सोबत दिलं की उंदीर वाचत होते. मग १९२९ मध्ये आणखी एक पुरावा मिळाला, तो टायलरच्या स्वतःच्या अंगात. प्रयोगशाळेत काम करताना त्याला पीतज्वर झाला. नशीब बलवत्तर म्हणून सौम्य झाला आणि तो वाचला. त्याच्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

१९३० मध्ये उंदरांचा शोध छापून आला आणि रॉकफेलर फाउंडेशनने त्याला न्यूयॉर्कला बोलावून घेतलं. उंदरांमुळे एक सोपी चाचणीही मिळाली. माणसाचं सिरम आणि विषाणू एकत्र करून उंदराला टोचायचं. उंदीर जगला तर त्या माणसाला कधीतरी पीतज्वर होऊन गेलाय. या चाचणीने आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत पीतज्वर कुठवर पसरलाय याचे नकाशे तयार झाले.

पण खरी गोम वेगळीच होती. एका उंदराच्या मेंदूतून दुसऱ्याच्या, दुसऱ्यातून तिसऱ्याच्या मेंदूत असा विषाणू फिरवत नेला, की तो उंदरांना आणखी लवकर मारू लागला. उलट माकडाला नेहमीसारखा टोचला तर माकड मरेना. यकृतावरचा त्याचा जोर ओसरला होता. म्हणजे विषाणू ज्या पेशींत राहतो त्या पेशींप्रमाणे बदलत होता.

असं का होतं, हे समजायला विषाणू पेशीत शिरून करतो काय ते बघावं लागेल. हे सगळं टायलरच्या नंतर कळलं, त्याच्या हातात यातलं काहीच नव्हतं.

विषाणू म्हणजे पाककृती लिहिलेली नुसती चिठ्ठी. स्वयंपाकघर दुसऱ्याचं, शिधा दुसऱ्याचा, गॅसही दुसऱ्याचा. पीतज्वराच्या विषाणूची ही चिठ्ठी म्हणजे आरएनएचा एक धागा, साधारण ११ हजार अक्षरांचा. त्यावर प्रथिनांचं आणि चरबीच्या पातळ पटलाचं वेष्टन असतं. हे पटलही त्याचं स्वतःचं नाही, मागच्या पेशीतून निघताना अंगावर घेतलेलं असतं.

हा विषाणू पेशीला चिकटला की पेशीचं पटल आत खचतं आणि विषाणूला एका पिशवीत घेऊन आत ओढतं. पेशीला वाटतं काहीतरी कामाचं मिळालं. पिशवीतली आम्लता वाढते तसा विषाणूच्या वरच्या प्रथिनाचा आकार पालटतो, त्याचं पटल आणि पिशवीचं पटल एकमेकांत मिसळून जातं आणि आतली चिठ्ठी पेशीत मोकळी होते.

पेशीची प्रथिनं बनवणारी यंत्रणा आपली चिठ्ठी समजून ती वाचायला घेते. एक लांबलचक प्रथिन तयार होतं, त्याचे कापून दहा तुकडे होतात. तीन तुकडे नव्या विषाणूचं अंग बनवतात. उरलेले सात म्हणजे मिस्त्री आणि कामगार.

आता मिस्त्री काय करतात? शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातली आंतर्द्रव्यजालिका आठवतेय? पेशीच्या आत पसरलेलं, घड्या घातलेल्या पडद्यासारखं पटलांचं जाळं. यातली काही प्रथिनं त्या पटलात रुतून बसतात आणि त्याला वाकवतात. पटलाला आतल्या बाजूने फुगे आल्यासारखे कप्पे तयार होतात, प्रत्येकाला एक अरुंद तोंड. २००९ मध्ये हायडलबर्गच्या संशोधकांनी पीतज्वराचा भाऊबंद असलेल्या डेंग्यूच्या विषाणूत हे कप्पे त्रिमितीत दाखवले. रुंदी साधारण ९० नॅनोमीटर, तोंड जेमतेम ११ नॅनोमीटर. एका केसाच्या जाडीत असे कित्येकशे कप्पे ओळीने बसतील.

या कप्प्यांत चिठ्ठीच्या कॉप्या निघतात. बाहेर उघड्यावर का नाही? कारण कॉपी काढताना आरएनए दुपदरी होतो, आणि निरोगी पेशीत एवढा लांब दुपदरी आरएनए सहसा नसतो. तो दिसला की पेशीचा अलार्म वाजतो आणि शेजारच्या पेशीही सावध होतात. कप्प्यात दडून काम केलं की गाजावाजा होत नाही, शिवाय सगळी सामग्री हाताशी राहते. कॉप्या त्या तोंडातून बाहेर पडतात आणि लगतच नवे विषाणू बांधले जातात. ते त्याच जालिकेच्या पटलाचा तुकडा अंगावर ओढून पेशीच्या नेहमीच्या माल पाठवायच्या रस्त्याने बाहेर निघतात. यकृताच्या पेशींत हा कारखाना जोरात चालला की माणूस पिवळा पडतो.

थोडक्यात, पेशी बदलली तर विषाणूचं स्वयंपाकघर बदलतं. त्या स्वयंपाकघरात जो विषाणू जास्त कॉप्या काढेल तो टिकतो आणि हळूहळू त्याच जातीचे सगळे होतात. टायलरने पेशी बदलत राहायचं ठरवलं.

उंदराच्या मेंदूतला विषाणू लस म्हणून धोक्याचा होता, मेंदूला सूज आणायची त्याची सवय गेली नव्हती. म्हणून टायलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असिबीचा मूळ विषाणू घेतला आणि काचेच्या भांड्यात, आधी उंदराच्या गर्भाच्या बारीक केलेल्या पेशींत १८ वेळा वाढवला. मग कोंबडीच्या गर्भात ५८ वेळा. त्यानंतर कोंबडीच्या गर्भातून मेंदू आणि मज्जारज्जू काढून टाकले आणि उरलेल्या पेशींत वाढवत राहिले. मज्जापेशीच मिळाल्या नाहीत तर मज्जापेशींची चटक सुटेल, असा हिशोब.

दर काही दिवसांनी थोडा विषाणू नव्या भांड्यात आणि मधूनमधून उंदीर आणि माकडांवर तपासणी, असं वर्षानुवर्षं चाललं. ८९ आणि ११४ व्या फेरीच्या दरम्यान कधीतरी विषाणू बदलला. माकडाला टोचला तर यकृतही शाबूत आणि मेंदूही, वर पीतज्वराविरुद्ध पक्कं संरक्षण. प्रयोगांच्या यादीतला हा १७डी. टायलर आणि ह्यू स्मिथ यांनी तो १९३७ मध्ये जाहीर केला.

गंमत म्हणजे त्यांनी तीच कृती पुन्हा करून पाहिली, आणि तसा विषाणू काही पुन्हा मिळाला नाही. मज्जापेशी काढून टाकायचा हिशोब कागदावर बरोबर दिसत होता, पण १७डी हा मोठ्या अंशी योगायोग होता. अर्थात शंभराव्या फेरीलाही तपासणी न सोडणाऱ्यालाच असा योगायोग सापडतो. अर्नोल्ड टायलर १९३६ च्या जुलैमध्ये वारले होते. मुलाच्या लसीचा गाजावाजा झाला तो त्यानंतर.

त्या भांड्यात बदललं काय, याचं उत्तर यायला पन्नास वर्षं लागली. १९८५ मध्ये १७डीची पूर्ण चिठ्ठी वाचली गेली आणि १९८७ मध्ये असिबीची. ११ हजार अक्षरांत फरक निघाला फक्त ६८ अक्षरांचा, आणि त्यामुळे प्रथिनांत ३२ जागी बदल. त्यातले बरेच वरच्या वेष्टनाच्या प्रथिनात, म्हणजे पेशीला चिकटून पटलातून आत जाण्याच्या भागात. २०१६ मध्ये तर असं दिसलं की असिबी आणि १७डी पेशीत शिरतात तेच वेगवेगळ्या वाटेने. १७डीच्या वाटेने पेशीचा अलार्म जास्त जोरात वाजतो. रोग होत नाही, पण शरीर मात्र पुरतं जागं होतं.

लस ब्राझीलला गेली आणि १९३८ मध्ये तिथे १० लाखांहून जास्त लोकांना टोचली गेली. मग दुसरं महायुद्ध आलं आणि त्यासोबत या गोष्टीतला सर्वात वाईट प्रकरणाचा काळ.

लस टिकावी म्हणून तिच्यात माणसाचं सिरम मिसळत होते. ब्राझीलमध्ये लस घेतलेल्या काहींना काही महिन्यांनी कावीळ होते, हे तिथल्या डॉक्टरांनी आधीच टिपलं होतं आणि सिरम वापरणं थांबवलंही होतं. न्यूयॉर्कमध्ये मात्र ते चालूच राहिलं. १९४२ मध्ये अमेरिकी सैन्यातले सुमारे ५० हजार जवान काविळीने हॉस्पिटलात गेले. पीतज्वराची भीती असलेल्या आघाडीवर जायच्या आधीच, पीतज्वराच्या लसीने. दोष १७डीचा नव्हता, मिसळलेल्या सिरममधून दुसराच विषाणू आला होता. तो हिपॅटायटिस बी होता आणि लागण झालेले ३ लाखांच्या वर होते, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं. धोक्याची सूचना हातात असताना हे घडलं, म्हणून ते नुसता अपघात म्हणून सोडून देता येत नाही. १९४२ मध्येच सिरम काढून टाकलं गेलं. १९४० ते १९४७ या काळात रॉकफेलर फाउंडेशनने २ कोटी ८० लाखांहून जास्त डोस तयार केले.

१९५१ मध्ये वैद्यकाचं नोबेल एकट्या टायलर यांना मिळालं. आफ्रिकेत जन्मलेल्या माणसाला मिळालेलं ते पहिलं नोबेल. पोलिओच्या लशी काढणाऱ्या साल्क आणि सेबिन यांना ते कधीच मिळालं नाही, हे लक्षात घेतलं की त्याचं वजन कळतं. बक्षिसाच्या पैशांचं काय करणार असं विचारल्यावर या बुटक्या, सिगारेट ओढणाऱ्या माणसाने स्कॉचची पेटी घेऊन डॉजर्सची बेसबॉल मॅच बघणार असल्याचं सांगितलं, असा किस्सा आहे.

त्याच सुमारास रॉकफेलर फाउंडेशनने जगभर डास आणि गोचिडांमधून पसरणारे विषाणू शोधायचा कार्यक्रम हाती घेतला. न्यूयॉर्कची प्रयोगशाळा टायलर यांच्याकडे होती, आणि त्याच कार्यक्रमात आयसीएमआरच्या सोबतीने १९५२ मध्ये पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर उघडलं. कोविडमध्ये जिचं नाव रोज टीव्हीवर होतं ती एनआयव्ही म्हणजे हीच संस्था, नाव बदललं १९७८ मध्ये. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोग्याच्या जंगलात माकडं मरू लागली तेव्हा आधी संशय आला तो पीतज्वर भारतात पोचल्याचा. पुण्याच्या पथकाने शोधलं तर निघाला गोचिडांमधून पसरणारा नवाच विषाणू, क्यासनूर फॉरेस्ट डिसीजचा. पीतज्वराच्याच कुळातला आणि पेशीत तसेच कप्पे बांधणारा.

१७डी आता दुसऱ्या रोगांच्याही कामी येतो. डेंग्वाक्सिया ही डेंग्यूची लस बनवताना १७डीचं वरचं वेष्टन काढून त्या जागी डेंग्यूचं बसवलं आहे. आतले, पटलं वाकवणारे मिस्त्री टायलर यांच्या विषाणूचे, अंगावरचा डगला डेंग्यूचा. आधी डेंग्यू झालेला नसताना ती घेतली तर पुढचा डेंग्यू गंभीर होऊ शकतो असं नंतर दिसलं, म्हणून तिचा वापर बेताने करावा लागला. खुद्द १७डीसुद्धा तान्ह्या बाळांना देत नाहीत, आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना सहसा टाळतात. क्वचित मोठ्या माणसांतही गंभीर त्रास दिसलाय. पण एका डोसने आयुष्यभराचं संरक्षण देणाऱ्या लशी मोजक्याच आहेत, आणि ही त्यातली एक. २०१६ पासून पिवळ्या कार्डाची मुदतही आयुष्यभराची झाली.

रॉकफेलरमधून निघाल्यावर टायलर यांनी येल विद्यापीठात १९६७ पर्यंत शिकवलं. ११ ऑगस्ट १९७२ रोजी न्यू हेवन इथे त्यांचं निधन झालं. विल्बर डाउन्स यांच्यासोबत ते रॉकफेलरच्या विषाणू कार्यक्रमाचा १९५१ ते १९७० पर्यंतचा सगळा हिशोब लिहीत होते. ते जाडजूड पुस्तक पुढच्या वर्षी, १९७३ मध्ये छापून आलं.